शकू, ते वाक्य मी बदललं होतं

शकू,

यंदाही पिक्चर लागला. तू गेल्यावर सगळे धरून चालले होते की आता हे बंद पडणार. संग्रहालयाच्या ट्रस्टच्या डॉक्टरांनी मला फोन करून सुचवलंसुद्धा, "मॅडम, या वर्षी पिक्चर राहू द्या. त्याऐवजी शकुंतलाबाईंच्या आठवणीत संग्रहालयात हळदीकुंकू ठेवू. बायका तरी येतील." मी नको म्हणाले. नवऱ्यानं टाकलेली म्हणून जिला उभ्या जन्मात कुणी मनापासून हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तिच्या नावानं हळदीकुंकू? तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

आज तुला जाऊन दोन महिने होत आले. तुझ्यावर लिही म्हणून शाळेच्या स्मरणिकेवाल्यांनी मागं लागून लागून हा कागद माझ्यापुढं ठेवलाय. त्यांना तुझी नोकरी, तुझे पुरस्कार, तू शिकवलेल्या मुलींच्या आठवणी हव्यात. ते सगळं दुसरं कुणीतरी लिहील. मला तुझ्याशी बोलायचंय. तू बोलू शकत होतीस तेव्हा जे बोलायला पाहिजे होतं ते.

संग्रहालय तुझं, असंच सगळे म्हणायचे. खरं तर एका हौशी वकिलानं आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू होत्या त्या. गेवराईत दोन खोल्या आणि एक पडवी. लढाईत पडलेल्यांचे वीरगळ, निजामाच्या वेळची नाणी, पितळी अडकित्ते, गोदावरीतली वाळू उपसताना सापडलेली हात तुटलेली एक मूर्ती. वकील गेल्यावर खोल्यांना कुलूप होतं. तू शाळेतून निवृत्त झालीस त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन किल्ली मागून घेतलीस. इतिहास शिकवून समाधान झालं नव्हतं तुझं. मी म्हणाले होते, "शकू, आता तरी घरी बस." तू म्हणालीस, "घरात कोण हाय माझं बसायला? इथं निदान वीर तरी हायेत."

आणि पहिल्याच हिवाळ्यात तू तो पिक्चर दाखवायचं काढलंस. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीनं ज्यू लोकांची जी कत्तल केली, तिची आठवण जगभर सत्तावीस जानेवारीला करतात, हे मला तुझ्याकडूनच कळलं. तरुणपणी पुण्याला प्रशिक्षणाला गेली होतीस तेव्हा तिथल्या एका फिल्म क्लबात तू हा चित्रपट पाहिला होतास. काळापांढरा, युद्ध संपल्या संपल्या काढलेला. त्याची प्रत तुला कुणीतरी पेनड्राइव्हवर पाठवली.

"जगभर करू दे की," मी म्हणाले होते. "गेवराईत कुणी ज्यू माणूस बघितलाय का? कावून दाखवायचा तो इथं?"

"म्हणूनच इथं दाखवायचा. इथं कुणाला त्यात बाजू घ्यायची न्हाई. लोक नीट बघतील."

सव्वीस जानेवारीला गावात झेंडे, जिलबी, भाषणं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आपण दोघी पडवीच्या खिडक्यांना माझ्या घरच्या जाड चादरी बांधायचो, समोरच्या भिंतीवर तुझं पांढरं लुगडं ताणायचो आणि शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर लावायचो. पंधरा-वीस माणसं यायची. आपल्या जुन्या विद्यार्थिनी, अंगणवाडीच्या बायका, तहसिलीतला एखादा कारकून. पिक्चरमधलं बोलणं परक्या भाषेतलं, खाली इंग्रजी ओळी. त्या बायकांना कळायच्या नाहीत. म्हणून मी भिंतीलगत खुर्ची टाकून बसायची आणि माईकवर एकेक वाक्य मराठीत सांगत जायची. तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवल्याचा एवढा उपयोग मला दुसरीकडं कुठं झाला नाही.

त्या चित्रपटात छळछावणी एकदाही दिसत नाही. एक गल्ली दिसते. गल्लीत एक ज्यू पाववाला, त्याची बायको, दोन मुलं. समोरच्या घरात एक शेजारीण. तिच्या बाळंतपणात पाववाल्याच्या बायकोनं तिचं सगळं केलेलं. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. फक्त पाव घ्यायला येणारी माणसं कमी होत जातात. एक दिवस कुणीच येत नाही. पाववाला ताजे पाव मांडून संध्याकाळपर्यंत उभा राहतो. मग एका सकाळी ट्रक येतो आणि त्या चौघांना घेऊन जातो. शेवटी युद्ध संपतं, आणि चौघांतली थोरली मुलगी एकटी परत येते. शेजारणीचं दार वाजवते. आत तिच्या आईची पितळी किटली चुलीवर ठेवलेली असते. मुलगी किटलीबद्दल बोलत नाही. ती विचारते, "त्या सकाळी आम्हाला नेलं तेव्हा तुम्ही कुठं होतात?" शेजारीण बराच वेळ गप्प राहते. मग म्हणते, "खिडकीत होते. मी सगळं पाहिलं. आणि पडदा ओढून घेतला."

एवढं म्हणून पिक्चर संपतो. दरवर्षी हे वाक्य मी माईकवर म्हणायची, आणि तू लुगडं सोडायला उठायचीस.

आता आपल्या गावाचं सांगते. तुझं ते माहेर, माझं सासर. विसाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात शिकलेली सून म्हणजे संकटच होतं. बी.एड.ला जायचं म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, पोरीला कोण सांभाळणार? तुझी आई ओट्यावर बसलेली होती. ती म्हणाली, "आनून ठिव माझ्याकडं. मला काय काम हाय?" चार वर्षं माझी मेघा तुझ्या आईच्या मांडीवर वाढली. तिच्या हातची ज्वारीची कण्हेरी खाल्ल्याशिवाय झोपायची नाही. तुझा धाकटा भाऊ अंकुश तिला खांद्यावर घेऊन हिंडायचा. आपण दोघी सकाळच्या एसटीनं गेवराईला जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. पुढं नोकऱ्याही एकाच शाळेत लागल्या. माझ्या हातात जे काही आलं, पगार, चारचौघांत मान, त्याची सुरुवात तुमच्या ओसरीवरून झाली.

तुझ्या वडिलांनी जन्मभर उसाच्या फडात कोयता चालवला. अंकुशवर ती वेळ येऊ नये म्हणून तू आपल्या पगारातून त्याला किराणा दुकान घालून दिलंस. माझ्या दारापासून साठ पावलांवर. गावातली निम्मी घरं तिथूनच सामान न्यायची, तुमची जात कोणती आणि आमची कोणती हे तेव्हा कुणी बघत नव्हतं. जातीची नावं मी इथं लिहीत नाही. बीड जिल्ह्यातल्या माणसाला आडनाव पुरतं, आणि बाहेरच्याला ती कळून काही फरक पडत नाही.

मागच्या निवडणुकीनंतर ते सगळं फिरलं. कुणाला कुणी मत दिलं, कुणी कुणाचा पाडाव केला, यावरून गावं फुटली. आपल्या गावात देवळापुढं बैठक झाली. माझे मोठे दीर, आप्पा, तिथं बोलायला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या फोनवर मजकूर आला की गावातल्या त्या लोकांच्या दुकानातून कुणी काही घेऊ नये. अंकुशचं नाव नव्हतं त्यात. असायची गरजही नव्हती, दुकान एकच होतं.

त्या आठवड्यापासून मी साखर-चहा गेवराईहून आणायला लागले. आपण दोघी जीपमधून परत येत होतो, माझी पिशवी आपल्या दोघींच्या पायांत होती. तू पिशवीकडं बघितलंस.

"साखर गेवराईची?"

"तिकडं जरा बरी मिळते," मी म्हणाले.

तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. जीप थांबली तेव्हा तूच ती पिशवी उचलून माझ्या हातात दिलीस. दुकानावरून जाताना मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, पदराखाली. अंकुशनं मला पाहिलं. "वैनी, बरं हाय का?" म्हणाला. मी मान हलवली.

मेघा पुण्याहून आली होती दिवाळीला. तिनं विचारलं, "आई, अंकुशमामाकडून खोबरेल आणू?" मी म्हणाले, घरात आहे. घरात नव्हतं.

मग गेल्या वर्षीची सत्तावीस जानेवारी. संग्रहालयाचं छप्पर गळत होतं, आणि आप्पांच्या ओळखीनं ते होईल म्हणून डॉक्टरांनी आप्पांना पाहुणे म्हणून बोलावलं. मला वाटलं तू भांडशील. तू म्हणालीस, "येऊ दे. त्यांनीच बघायला पायजे हा पिक्चर."

आप्पा आले. पहिल्या रांगेत बसले, आपल्या गावचे पाच-सहा जण त्यांच्या मागं. मी माईक हातात घेतला. पाव घ्यायला कुणी येत नाही तो भाग आला तेव्हा मी माईक तोंडाच्या आणखी जवळ धरला. अंधारात कुणीतरी खोकलं. आप्पा हलले नाहीत. मी वाक्यं म्हणत गेले. शेवटी ती मुलगी परत आली, तिनं दार वाजवलं, आणि विचारलं, तुम्ही कुठं होतात.

शेजारीण गप्प होती तेवढ्या वेळात मी आप्पांच्या तोंडाकडं बघितलं. पडद्याचा उजेड पडला होता त्यांच्यावर. ते माझ्याकडं बघत होते.

शेजारीण बोलली. आणि मी माईकवर म्हणाले, "मी काय करणार होते, पोरी? माझ्या हातात काय होतं?"

बायका हळहळल्या. मागं कुणीतरी म्हणालं, खरंय बिचारीचं. आप्पांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. दिवे लागले तेव्हा तू प्रोजेक्टरपाशी उभी होतीस. लुगडं सोडायला तू उठली नाहीस. आप्पा म्हणाले, "चल विजया, गाडीतच जाऊ." मी तुझ्यासाठी थांबले नाही. गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी मी चादरी न्यायला आले. तू पडवीत नाणी पुसत बसली होतीस.

"विजे, शेवटचं वाक्य तू काय म्हणलीस?"

"जे होतं तेच."

"मला इंग्रजी येत न्हाई, पण ते वाक्य येतं. इतकी वर्सं ऐकलंय तुझ्याच तोंडून."

"ऐनवेळी सुचलं नाही."

"सुचलं की. लई चांगलं सुचलं. त्या बाईला सोडवलंस तू."

मला राग आला. तो खरा नव्हता, पण तेव्हा खरा वाटला. मी म्हणाले, "शकू, तू कशाची बरोबरी कशाशी करतेस? तिथं माणसं गॅसमध्ये घालून मारली. लाखांनी. इथं कुणी कुणाला हात तरी लावलाय का? चार लोक किराणा दुसरीकडून आणतात, त्याला तू हिटलर म्हणतेस?"

"मी गॅसचं बोललेच न्हाई," तू म्हणालीस. तुझा आवाज वर्गात असायचा तसाच, चढलेला नव्हता. "तिथं जे मेले त्यांची बरोबरी कुणाशीच होत न्हाई. मी पहिल्या अर्ध्या तासाचं विचारते. पाव घ्यायला कुणी येत न्हाई. तेवढंच. दुकान अजून उघडं हाय, विजे. तू ये आणि पावशेर साखर घे. बाकी कुणी येऊ न येऊ."

"तुला काय जातंय बोलायला! तू एकटी. मला त्या घरात राहायचंय."

तू उठून चादरींच्या घड्या करायला लागलीस. एक टोक माझ्या हातात दिलंस, कारण जाड चादर एकटीला घडी घालता येत नाही. आपण दोघींनी चारी चादरी घडी घातल्या. मी त्या घेऊन निघाले.

त्यानंतर आपण बोलत नव्हतो असं नाही. संधिवाताचं बोललो, मेघाच्या मुलाचं बोललो, नारायणगडाला दर्शनाला जाऊन आलो. तिथल्या पायऱ्यांवर तू माझा हात धरलास, गुडघे दुखत होते म्हणून. पण ते वाक्य तिथंच पडून होतं, आणि दोघीही त्याच्या बाजूनं चालायचो.

दुकान दिवाळीपर्यंत चाललं. शेवटी शेवटी अंकुश तागडीपुढं नुसता बसून असायचा. दिवाळीच्या आठवड्यानंतर त्यानं दुकानाला कायमची फळी लावली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि बायकोला, रुक्मिणीला, घेऊन तो मुकादमाच्या टोळीत ऊस तोडायला गेला, माजलगावच्या बाजूला. ट्रॅक्टर गावातून निघाला तेव्हा तू चावडीपाशी उभी होतीस. मी माझ्या खिडकीत होते. खरंच मी खिडकीत होते.

महिन्याभरानं संग्रहालयाशेजारच्या शिंप्याचा फोन आला की शकुंतलाबाई पडल्यात. डाव्या हातानं तू मूर्तीच्या चौथऱ्याला धरून ठेवलं होतंस. उजवी बाजू गेली होती, आणि वाचा.

बीडच्या दवाखान्यात अकरा दिवस होतीस. अंकुश फडावरून आला तसाच, अंगावर उसाचं पाचट चिकटलेलं. तीन दिवस बसला. मग मुकादमाचे फोन सुरू झाले. टोळीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, एक गेलं की दुसऱ्याचंही काम अडतं. रुक्मिणी तिकडं एकटी. तो जाताना म्हणाला, "वैनी, आक्काकडं बघताल ना?" मी म्हणाले, बघते. तेवढं मात्र मी केलं. तुझं तोंड पुसलं, केस विंचरले, नळीतून पेज दिली. तुझा डावा डोळा माझ्यामागं फिरायचा. मी बोलत राहायची, हवा गार झाली, तुरीला शेंगा लागल्या, शाळेत नव्या बाई आल्या.

आठव्या दिवशी दुपारी खोलीत आपण दोघीच होतो. मी म्हणाले, "शकू, त्या वाक्याचं..." आणि तू मान भिंतीकडं वळवलीस. तुला ऐकायचं नव्हतं, की सलाईनची सुई ओढत होती, की नुसती मान अवघडली होती, मला कळलं नाही. मी पलंगाला वळसा घालून तुझ्यापुढं आले नाही. उशी सारखी केली आणि नर्सला हाक मारली. अकराव्या दिवशी पहाटे तू गेलीस. अंकुश पोचायच्या आधी.

तर या वर्षीचं सांगत होते. आप्पा आले नाहीत. त्यांना कुठंतरी लग्न होतं. नऊ माणसं होती सगळी मिळून, छप्पर अजून तसंच आहे. चादरी मी आणि शिंप्यानं बांधल्या. तुझं लुगडं मला सापडलं नाही, माझं पातळ लावलं. शेवटचं वाक्य मी जसं आहे तसं म्हणाले. खिडकीत होते, सगळं पाहिलं, पडदा ओढून घेतला. आवाजही कापला नाही. कापायला समोर होतं कोण? ज्या माणसाच्या नजरेला भिऊन मी ते बदललं होतं त्याची खुर्चीच नव्हती. दिवे लागल्यावर एक अंगणवाडीची बाई म्हणाली, "मॅडम, गेल्या साली ती शेजारीण गरीब वाटली व्हती. यंदा न्हाई वाटली." तेवढंच. ती तिच्या एसटीला गेली.

घरी येऊन मला कळलं की वाक्य बरोबर म्हटल्यानं माझं काहीच हललं नाही. कारण खरी गोष्ट ती नव्हतीच. खरी गोष्ट मी तुला कधी सांगितलीच नव्हती. मग परवा मी एसटी धरली आणि माजलगावच्या बाजूला अंकुशला शोधत गेले. तुझा चष्मा, तुझी करड्या रंगाची शाल आणि संग्रहालयात असलेला तुझा एक फोटो बरोबर घेतला. ती आपली सबब. तिघाचौघांना विचारत विचारत फडावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बांधालगत टोळीच्या झोपड्या, पाचटाच्या कोप्या; एका कोपीपुढं रुक्मिणी भाकरी थापत होती. मला बघून ती उठली नाही. "बसा," म्हणाली, आणि पोत्याकडं हात केला.

अंकुश फडातून आला. हात काळे, मनगटावर पानांनी कापल्याच्या रेघा. चष्मा त्यानं उघडून बघितला आणि घडी करून खिशात ठेवला. "एवढ्यासाठी कशाला आलात वैनी, एवढ्या लांब?"

मी म्हणाले, "अंकुश, मला एक सांगायचंय. तो मजकूर. गावात फोनवर फिरला तो. दुकानाचा."

तो उभाच होता.

"तो आप्पांनी लिहिला होता. बैठकीच्या संध्याकाळी. पण त्यांनी मला दाखवला. म्हणाले, विजया, तू मास्तरीण, जरा नजर फिरव, चुका असल्या तर लोक हसतात. मी तो घेतला आणि नीट केला. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं. फार कडक वाटत होता म्हणून वर 'कृपया' घातलं. मग मी तो परत दिला. मी त्यांना नको म्हणाले नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. शकूला मी हे कधी सांगितलं नाही."

रुक्मिणीचे हात परातीत थांबले होते. अंकुशनं डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि परत बांधला.

"आक्काला ठाव व्हतं," तो म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"ज्या दिशी आला ना, त्याच सकाळी तिनं वाचला. दुकानात उभं राहून. दोनदा वाचला. मला म्हनली, हे विजीच्या हातचं हाय. म्या म्हनलं, कावून म्हंतीस? तर म्हनली, असल्या चिठ्ठीत 'कृपया' घालनारी गावात एकच बाई हाय." त्यानं खिशातला चष्मा चाचपला. "मला लई राग आलता वैनी. म्या निघालो व्हतो तुमच्या दारात यायला. तिनं हाताला धरलं. म्हनली, कुनापाशी बोलायचं न्हाई. तिला त्या घरात ऱ्हावं लागतं."

शकू, तू जीपमध्ये माझी पिशवी उचलून हातात दिलीस तेव्हा तुला ठाऊक होतं. जानेवारीत मला माईक दिलास तेव्हा ठाऊक होतं. चादरीचं टोक धरलंस, नारायणगडाच्या पायरीवर हात धरलास, तेव्हाही.

"मग तिनं मला विचारलं का नाही?" मी म्हणाले. "एकदा तरी?"

फडात ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. टोळीतलं कुणीतरी अंकुशला हाक मारत होतं. त्यानं कोयता उचलला, आणि जाता जाता सांगितलं, अगदी साधं, मला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं.

"म्या तेच म्हनायचो तिला. इचार, भांड, काय ते कर. तर म्हनायची, दम धर. ती आपनहून सांगल."